पाचांत भागलेले बिल : रेस्टॉरंटचा इतिहास आणि मैत्रीचा हिशेब

१/
मागील महिन्यात आम्ही पाच जुने वर्गमित्र पुण्यातील एका छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटात जेवायला गेलो होतो. चौघे नोकरी करणारे, पाचवा अद्याप स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात. आम्ही चौघांनी बदक, मासा, चीज, शेवटी गोड असे मनसोक्त मागवले. त्याने फक्त कांद्याचे सूप मागवले आणि ‘दुपारी उशिरा जेवलोय’ असे सांगितले. बिल आले ९,५०० रुपये. कोणीतरी म्हणाले, ‘पाचांत भागून टाकू.’ त्याने मोबाइल काढला आणि १,९०० रुपये मुकाट्याने पाठवले. त्याच्या सूपची किंमत होती ४५०.

‘भागून टाकू’ म्हणणारा मीच होतो.

२/
इतिहासावर धागे लिहिणाऱ्या माणसाला ही चूक शोभणारी नव्हती. कारण ज्या व्यवस्थेत आम्ही बसलो होतो ती आपोआप उगवलेली नाही. आपले वेगळे टेबल, हातातले किमती छापलेले पत्रक, प्रत्येकाचे निराळे ताट हे सारे पॅरिसमध्ये सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी घडले, आणि ज्याने जे खाल्ले त्याचे त्याने द्यावे हा त्या घडणीचा गाभा होता. आजच्या धाग्यात हा इतिहास सांगतो आणि त्यावरून माझे एक मत मांडतो. मत पटले नाही तरी इतिहास उपयोगी पडेल.

३/
प्रथम एक लोकप्रिय कथा बाजूला सारू. ती अशी : १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली, सरदार पळाले किंवा गिलोटिनखाली गेले, त्यांचे आचारी बेकार झाले, त्यांनी खानावळी उघडल्या आणि राजवाड्यातील स्वयंपाक जनतेच्या ताटात आला. कथा सुबक आहे. राजसत्ता पडली आणि तिची चव लोकांना मिळाली, असे कोणाला ऐकायला आवडणार नाही?

अडचण एवढीच की रेस्टॉरंट क्रांतीच्या वीसेक वर्षे आधीच पॅरिसमध्ये होते. क्रांतीने त्याला गिऱ्हाइके दिली, आचारी दिले, व्यवसायसंघांच्या मक्तेदारीतून १७९१ मध्ये मोकळीक दिली. जन्म मात्र दिला नाही.

४/
मग जन्म कशातून झाला? सूपमधून.

फ्रेंच भाषेत ‘रेस्तोराँ’ हे मुळात जागेचे नाव नव्हतेच. ‘रेस्तोरे’ म्हणजे गेलेली शक्ती परत आणणे. जे शक्ती परत आणते ते ‘रेस्तोराँ’, म्हणजे मांस तासन्‌तास शिजवून काढलेला घट्ट अर्क. आपल्याकडे बाळंतिणीला किंवा तापातून उठलेल्याला जे देतात त्या जातीचा हा पदार्थ. दिदरो आणि दालाँबेर यांच्या प्रख्यात विश्वकोशात हा शब्द वैद्यकाची संज्ञा म्हणून येतो. ज्या खोलीत हा अर्क मिळे ती ‘रेस्तोरातर’ची, म्हणजे शक्ती परत देणाऱ्याची खोली. पुढे पदार्थाचे नाव खोलीला चिकटले आणि पदार्थ विस्मरणात गेला.

५/
येथे दुसरी एक दंतकथा भेटते. १७६५ मध्ये बुलांजे नावाच्या कोणा पॅरिसकराने दारावर लॅटिन पाटी लावली, मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यात घालून विकले, खानावळवाल्यांच्या संघाने त्याच्यावर खटला भरला आणि तो जिंकला, अशी ती कथा. अनेक पुस्तकांत ती निःशंकपणे दिलेली आढळते. इतिहासकार रिबेका स्पँग यांनी रेस्टॉरंटच्या उगमावरील आपल्या ग्रंथासाठी (२०००) पॅरिसची दप्तरे धुंडाळली. असा खटला त्यांना कोठेच सापडला नाही.

इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी हे लक्षात ठेवावे. दहा पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवून घेतलेली गोष्ट म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

६/
दप्तरांत स्पँग यांना जो सापडला तो अधिक रंजक निघाला : माथ्युराँ रोझ द शाँत्वाझो. १७६६ च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये असे एक अर्कगृह उघडले. हा गृहस्थ आचारी नव्हता; एक अखंड योजना आखणारा माणूस होता. राष्ट्रीय कर्ज फेडण्याची योजना त्याच्याकडे होती, आणि शहरातील व्यापारी व कारागीर यांच्या पत्त्यांची निर्देशिकाही त्यानेच छापली. त्या निर्देशिकेत त्याने रेस्टॉरंटांची नोंद केली आणि पहिला रेस्टॉरंटवाला म्हणून स्वतःचेच नाव घातले. जाहिरात आणि इतिहास यांची सरमिसळ तेव्हापासूनची आहे.

७/
रोझने काय बदलले हे समजण्यासाठी त्याआधी परका माणूस पॅरिसमध्ये कसा जेवत असे ते पाहावे लागेल. खाणावळी होत्या, दारूचे गुत्ते होते, तयार पदार्थ विकणारे ‘त्रेतर’ होते. पण बाहेरगावच्या माणसाच्या वाट्याला बहुधा ‘ताब्ल दोत’ येई, म्हणजे यजमानाचे टेबल. ठरलेली वेळ. एक लांब टेबल. जे शिजले असेल ते मध्ये मांडलेले. सर्वांना एकच दर. उशीर झाला तर उरलेसुरले. नेहमीची मंडळी भांड्यांजवळ बसत, नवखा टोकाला; मोठा घास कोणाला मिळे हे सांगायला नको.

८/
अर्कगृहाने एकेक करून चार गोष्टी उलटवल्या.

पहिली, वेळ. अशक्त माणसाला भूक घड्याळ पाहून लागत नाही. म्हणून दिवसभरात केव्हाही या.
दुसरी, टेबल. आजाऱ्याला गोंगाट सोसत नाही. म्हणून लहान, वेगळे टेबल.
तिसरी, निवड. प्रत्येकाची प्रकृती निराळी. म्हणून अर्क, ताजी अंडी, भाताची खीर, जाडे मीठ लावलेला खस्सी कोंबडा, ऋतुमानाप्रमाणे फळे, यांतून हवे ते मागा.
चौथी, किंमत. प्रत्येक पदार्थाचा दर आधी ठरलेला. जेवढे मागवाल तेवढेच द्या.

यातील एकही गोष्ट चैनीसाठी नव्हती. सर्व नाजूक प्रकृतीच्या नावाने आली. अर्थात त्या काळी नाजूक प्रकृती असणे हेही सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाई, त्यामुळे ठणठणीत माणसेही लगबगीने अशक्त झाली.

९/
दिदरो स्वतः अशा ठिकाणी गेला होता. १७६७ मध्ये सोफी व्होलाँ या आपल्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने रेस्टॉरंटवाल्याकडील जेवणाचा उल्लेख केला आहे. तेथे उत्तम वाढतात, पण महाग पडते, असा त्याचा अभिप्राय. रेस्टॉरंट जेमतेम वर्षभराचे होते आणि त्याबद्दलची तक्रार आजचीच होती.

१०/
पुढची वीस वर्षे वेगाने गेली. अर्क मागे पडला, भोजन पुढे आले. राजाच्या धाकट्या भावाच्या सेवेतून आलेल्या आंत्वान बोव्हिलिए याने क्रांतीपूर्वीच पॅरिसमध्ये थाटाचे रेस्टॉरंट उघडले. नाव मात्र ‘लंडनची भव्य खानावळ’, कारण तेव्हा पॅरिसमध्ये इंग्रजी गोष्टींची फॅशन होती! पाले-रोयालच्या कमानींखाली ‘तीन प्रोव्हाँसाल बंधू’ निघाले; हे तिघे बंधू नव्हतेच. आज ज्याला आपण फ्रेंच रेस्टॉरंट म्हणतो त्याचा साचा, म्हणजे चकचकीत आरसे, पांढरे टेबलक्लॉथ, नम्र वाढपी आणि लांबलचक मेनू, या काळात बसला.

११/
आता क्रांतीकडे येऊ. २० जानेवारी १७९३ ची संध्याकाळ. सोळाव्या लुईला दुसऱ्या दिवशी गिलोटिनवर नेणार हे ठरले होते. राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलेला प्रतिनिधी लपेलतिए द सँ-फार्जो हा पाले-रोयालमधील फेव्रिए यांच्या रेस्टॉरंटात जेवायला गेला. तेथे पारिस नावाच्या राजाच्या माजी अंगरक्षकाने त्याला गाठले आणि शस्त्र चालवले. काही तासांत लपेलतिए मरण पावला. चित्रकार दाव्हिदने त्याचे मृत्युशय्येवरील चित्र काढले. मूळ चित्र आज हरवले आहे.

क्रांतिकाळात पाले-रोयालचे नाव बदलून ‘समतेचा प्रासाद’ असे ठेवले होते. त्या प्रासादातील रेस्टॉरंटाचे दार कोणालाही उघडे होते. प्रतिनिधीला, आणि मारेकऱ्यालाही.

१२/
उघडे दार, पण वेगवेगळी टेबले. ही गोष्ट काही क्रांतिकारकांना खटकली. बंधुतेच्या राज्यात प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यात आपले ताट घेऊन का बसावे? १७९४ च्या जुलै महिन्यात पॅरिसकरांनी रस्त्यांवर टेबले मांडली. घराघरांतून जेवण बाहेर आले आणि शेजाऱ्यांनी एकत्र बसून खाल्ले. ही ‘बंधुभोजने’ पाहून सरकारला आनंद व्हायला हवा होता. झाले उलट. सार्वजनिक सुरक्षा समितीतर्फे बारेरने त्यांचा निषेध केला. क्रांतीचे शत्रू याच बंधुभावाच्या बुरख्याखाली मिसळतील, असा त्याचा आरोप. त्याच महिनाअखेरीस रोबेस्पिएरचे शीर उतरले. रस्त्यावरची टेबले घरात गेली; रेस्टॉरंट टिकले.

१३/
येथवर वाचून कोणी म्हणेल : पाहा, एकत्र जेवणाची जुनी, मायेची रीत मोडून रेस्टॉरंटने माणसाला एकलकोंडे केले. हा आक्षेप नवा नाही. ब्रिया-साव्हाराँने १८२५ च्या आपल्या ग्रंथात रेस्टॉरंटचे गुण मनापासून गायले आहेत. केव्हाही जेवा, खिशाला झेपेल एवढीच मर्यादा आधी ठरवा, कारण प्रत्येक पदार्थाची किंमत समोर असते. आणि त्यानेच पुढे बजावले आहे की एकट्याने जेवण्याची सवय माणसाला स्वतःपुरते पाहायला शिकवते आणि समाजाला ते घातक आहे.

मान्य. पण जुने सामाईक टेबल खरेच मायेचे होते काय?

१४/
इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग हा क्रांतीच्या वर्षांत फ्रान्सभर हिंडत होता. ऑगस्ट १७८९ मध्ये, म्हणजे बास्तीय पडून सुमारे महिना झाला होता तेव्हा, क्लेर्माँ येथे तो अनेकदा ताब्ल दोतवर जेवला. टेबलावर व्यापारी, अधिकारी अशी वीस-तीस माणसे. जगाला हादरवणाऱ्या घटना घडत होत्या आणि या टेबलावर राजकारणाचा शब्दही क्वचितच निघत होता, याचे त्याला नवल वाटले. माणसे शेजारी बसली म्हणून बोलू लागतात असे नाही. टेबल एक असले म्हणून मनेही एक झाली असे समजू नये.

१५/
हे आपल्याला तर फ्रेंचांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. पंगतीचे गोडवे आपण गातो : केळीचे पान, वदनी कवळ, आग्रहाचे वाढप. पण ‘पंक्तिभेद’ हा शब्दही मराठीच आहे. पंगत माणसांना एकत्र बसवी, त्याचबरोबर कोण कोणाबरोबर बसणार नाही हेही तीच ठरवी. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली आणि त्यावरून ग्रामण्य पेटले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला सामोरे जावे लागले. पंगत जन्म विचारीत असे. रेस्टॉरंट निदान तत्त्वतः फक्त पैसे विचारते.

१६/
‘तत्त्वतः’ हा शब्द मुद्दाम वापरला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाच्या हॉटेलात लोकांनी चहा प्यावा म्हणून राजर्षी शाहू महाराजांना स्वतः तेथे जाऊन चहा घ्यावा लागला आणि सोबतच्यांनाही पाजावा लागला. दार उघडे असणे पुरत नाही; कोणीतरी आत जाऊन बसावे लागते.

आणि म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला जेथे जाण्यास अटकाव करता येणार नाही त्या जागांच्या यादीत दुकानांपाठोपाठ सार्वजनिक उपाहारगृहे आहेत. मूळ इंग्रजी मजकुरात शब्द आहे ‘रेस्टॉरंट’. पॅरिसमधल्या एका अर्काचे नाव भारतीय नागरिकाच्या मूलभूत हक्कात येऊन बसले आहे. हा प्रवास मला लहान वाटत नाही.

१७/
तेव्हा वेगळे टेबल म्हणजे अधोगती, हे मत मी मानत नाही. पण वेगळे टेबल म्हणजे समता, हेही मानत नाही. जन्माची चौकशी गेली. तिच्या जागी खिशाची चौकशी आली, आणि ती अधिक शांतपणे होते.

याचे उत्कृष्ट चित्र बाल्झॅकच्या ‘हरवलेले भ्रम’ या कादंबरीत आहे. लुसियाँ हा छोट्या गावातून आलेला होतकरू कवी पॅरिसमधील अपमान विसरण्यासाठी व्हेरीच्या नामांकित रेस्टॉरंटात एकटा जेवतो : बोर्दो, कालवे, मासा, तित्तिर, मॅकरोनी, फळे. बिल येते ५० फ्रँक. त्याच्या गावी एवढ्यात महिना निघाला असता.

१८/
मग लुसियाँ कोठे जातो? फ्लिकोतोकडे. ही लॅटिन क्वार्टरमधील विद्यार्थ्यांची खरीखुरी खानावळ; बाल्झॅकने तिला अजरामर केले. तीन पदार्थांचे जेवण १८ सू, सोबत थोडी वाइन किंवा बिअर. पाव हवा तेवढा. मठाच्या भोजनगृहात असावीत तशी लांबलचक टेबले. एका फ्रँकचे २० सू. म्हणजे व्हेरीकडील एका जेवणात फ्लिकोतोकडे पंचावन्न वेळा जेवता आले असते.

आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की व्हेरीकडे लुसियाँला एकही मित्र भेटत नाही. पुढे त्याच्या आयुष्याला वळण देणारी माणसे भेटतात ती पावाला मोजमाप नसलेल्या या टेबलांवर. सगळेच चांगल्या वळणावर नेत नाहीत, हे खरे. बाल्झॅक भाबडा नव्हता. पण तेथे कोणाला खिसा लपवावा लागत नाही, कारण सर्वांचा सारखाच रिकामा असतो.

१९/
छापील किमतीविषयी आणखी एक गोष्ट. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही उंची फ्रेंच रेस्टॉरंटांत दोन प्रकारची मेनूकार्डे असत. पुरुषाच्या हाती किमती असलेले, स्त्रीच्या हाती किमती नसलेले. यात दाक्षिण्य आहे असा समज होता. वस्तुतः जिच्यापासून किंमत लपवली तिच्यापासून निर्णयही लपवला गेला. अखेर स्त्रियांनीच याला आक्षेप घेतला आणि प्रथा बहुतांशी मागे पडली.

यातून मी एवढे शिकतो : आकडा समोर असणे अप्रतिष्ठेचे नाही. आकडा झाकणे अप्रतिष्ठेचे असू शकते.

२०/
सूपचीही गोष्ट पुरी करू. १८५५ मध्ये द्युव्हाल नावाच्या पॅरिसच्या एका खाटकाने कामकरी लोकांसाठी स्वस्त भोजनगृह काढले. पदार्थ मोजके, दर ठरलेले. मुख्य पदार्थ उकडलेले मांस आणि त्याचा रस्सा, फ्रेंचमध्ये ‘बुइयाँ’. लवकरच अशा सर्व जागांना ‘बुइयाँ’ म्हणू लागले. म्हणजे शंभर वर्षांच्या आत दुसऱ्यांदा रश्श्याचे नाव खोलीला मिळाले. पहिल्यांदा नाजूक श्रीमंतांसाठी, या वेळी श्रमिकांसाठी. १८९६ मध्ये उघडलेले बुइयाँ शार्तिए आजही चालू आहे. तेथे गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या शेजारी बसवतात आणि वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. सर्वांसमक्ष, पदार्थागणिक.

२१/
आणखी एक तपशील, जो आपण सहसा विसरतो. २०१० मध्ये युनेस्कोने ‘फ्रेंचांचे सुग्रास भोजन’ अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. यादीत रेस्टॉरंट नाही, प्रसिद्ध शेफ नाही, विशिष्ट पदार्थही नाही. आहे ते आप्त-मित्रांनी एखाद्या प्रसंगी एकत्र जमणे, आणि चांगले खाणे-पिणे ही कला एकमेकांच्या संगतीने अनुभवणे. मित्राला फ्रेंचमध्ये ‘कोपँ’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘पानिस’, म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर पाव वाटून खाल्ला तो मित्र.

पाव वाटून खाल्ला तो. बिल वाटून दिले तो नव्हे.

२२/
आता माझे मत. रेस्टॉरंट आणि मैत्री या दोन निरनिराळ्या संस्था आहेत आणि त्यांचे हिशेब निराळे आहेत.

रेस्टॉरंटचा हिशेब : मागवशील ते दे. हा प्रामाणिक आहे. ताब्ल दोतवर भांड्याजवळच्या माणसाचे जेवण टोकाला बसलेला भरत असे. तो अन्याय या हिशेबाने संपवला.
मैत्रीचा हिशेब : आज मी, उद्या तू, किंवा ज्याला झेपेल तो. हाही प्रामाणिक आहे.

‘समान भागून टाकू’ हा दोहोंपैकी कोणताच नाही. तो दिसतो बंधुभोजनासारखा, पण चालतो ताब्ल दोतसारखा : टोकाला बसलेला माणूस भांड्याजवळच्यांचे जेवण भरतो. भर एवढीच, की येथे त्याने हसतमुखही राहायचे असते.

२३/
आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘मित्रांत कसला हिशेब?’ हे वाक्य बहुधा तोच म्हणतो ज्याला हिशेब करावा लागत नाही. ‘त्याने सांगायचे होते की.’ सांगणे सोपे असते तर त्याने उशिरा जेवल्याचे कारण कशाला दिले असते? ‘एकेकाचे वेगळे काढणे कंजूषपणा दिसतो.’ पॅरिसच्या वाढप्याला तो अडीचशे वर्षांत दिसला नाही. शार्तिएचा वाढपी दर जेवणाला कागदावर तेच करतो.

सर्वांनी सारखेच खाल्ले असेल, सर्वांची ऐपत सारखी असेल, तर खुशाल भागा. पण ते तपासून घेण्याची जबाबदारी ज्याचा खिसा भरलेला आहे त्याची. रिकाम्या खिशाने हात वर करावा अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे शाहू महाराजांनी राजवाड्यात बसून गंगारामकडे चहाला गर्दी का होत नाही असे विचारण्यासारखे आहे.

२४/
त्या रात्रीनंतर चार दिवसांनी मी मित्राला फोन केला. पैसे परत पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, ‘राहू दे रे, आता ते परत घेणं जास्त कठीण आहे.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अन्याय करताना एक क्षण लागतो. निस्तरताना समोरच्याला पुन्हा लाज सोसावी लागते. म्हणून पैसे पाठवले नाहीत. पुढल्या रविवारी त्याला माझ्या घरी जेवायला बोलावले आहे. आमटी-भातच असेल. आई म्हणाली, ‘त्याला आवडतं ते काय, ते विचारून ठेव.’ निवड विचारणे ही रेस्टॉरंटची रीत, दर न लावणे ही घराची. दोन्ही एका ताटात बसतात असे दिसते.

२५/
थोडक्यात उजळणी, ज्यांना जपून ठेवायचे त्यांच्यासाठी :

• रेस्टॉरंट क्रांतीतून जन्मले नाही. १७६६ च्या सुमारास अर्कगृह म्हणून सुरू झाले.
• बुलांजेच्या खटल्याला पुरावा नाही.
• रेस्टॉरंटचा खरा शोध म्हणजे वेगळे टेबल, निवड, हवी ती वेळ आणि आधी कळणारी किंमत.
• त्याने जन्माची अट सैल केली, पैशाची घट्ट केली. दोन्ही खरे.

तुमच्या गटात बिल कसे देतात? आणि तुमच्या टेबलावर ‘मला फक्त सूप’ म्हणणारा कोणी आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे लिहू नका. पुढच्या वेळी बिल येण्याआधी मनातल्या मनात द्या, म्हणजे पुरे.